मूठमातीची बाई

९ फेब्रुवारी

ताई,

पत्र लिहायचं राहून गेलं असं म्हणालो तर ते खोटं होईल. राहून गेलं नाही, मी राहू दिलं. अकरा महिने. पाकीट घेतलं, त्यावर आपला पत्ताही लिहिला. ते पाकीट माझ्या खिशातून चार गावं हिंडलं आणि शेवटी एका खानावळीत डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली गेलं. टेबल मात्र लगेच सरळ उभं राहिलं. सुतारकीतलं एवढंच माझ्या अंगात उतरलंय, असं बाबांना सांग. नको, सांगू नकोस.

मधे काय काय केलं ते सांगत बसलो तर कागद पुरायचा नाही. एका फोटोवाल्याकडे मागचा पडदा धरून उभा राहिलो. मग रस्त्यावरच्या मैलाच्या दगडांना रंग द्यायचं काम मिळालं. त्यातले दोन आकडे माझ्याकडून चुकले, तेव्हा कुणीतरी बिचारा अजून चालतच असेल. मग बूट फाटला. आणि बूट फाटला म्हणून मी आता जिथं आहे तिथं आहे.

हसू नकोस. मी देवळात आहे.

सहा वर्षांपूर्वी कबरस्तानाच्या भिंतीपाशी उभं राहून, पुन्हा देवळात पाय ठेवणार नाही अशी शपथ मी घेतली होती ती तुला आठवत असेलच. मलाही आठवते. पण पायरीवर बसून बुटाला सुतळी बांधत होतो, तेवढ्यात आतून एक म्हातारा ओरडला, "ए पोरा, तुझे हात थंड असतात का?"

मी म्हणालो, "पाय पण."

"पायांशी मला काय करायचंय? आत ये."

हा उस्ताद. देवळादेवळांतून मेणाच्या मूर्ती दुरुस्त करत फिरतो. चाळीस वर्षं झाली. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू, डाव्यात तिरसटपणा. गरम हाताच्या माणसानं मेणाला हात लावला की बोटांचे ठसे उमटतात, म्हणून त्याला थंड हातांचा माणूस हवा होता. माझ्या हातांचं कौतुक आयुष्यात पहिल्यांदा झालं.

डाव्या बाजूच्या वेदीखाली काचेची पेटी आहे आणि तिच्यात एक मुलगी निजलीय. चेहरा मेणाचा, हात मेणाचे, पण मेणाखाली कवटी खरी आहे. अंग म्हणजे कापसानं भरलेला कापडी गाभा, आणि त्याच्या छातीत तिची हाडं. इथं तिला मूठमातीची बाई म्हणतात.

तिची गोष्ट तुला सांगायलाच हवी, कारण ती तुझ्याच धंद्यातली. धुणं धुवायची. दीड हजार वर्षांहून जुनी गोष्ट. येशूचं नाव घेणाऱ्यांना तेव्हा मैदानात मारायचे आणि प्रेतं गावाबाहेरच्या खाणीत फेकायचे. पुरायचं नाही असा हुकूम. कुत्र्यापाखरांना मोकळं रान. ही पोरगी रोज धुण्याची टोपली घेऊन खाणीवरून नदीला जायची. येताना ओल्या कपड्यांखाली नदीकाठची माती. खाणीत उतरायची, एकेकावर मूठमूठ माती टाकायची, आणि कपडे घरोघर पोचवायची. असं किती दिवस चाललं कोण जाणे. पकडली गेली ती कशानं, सांग? चादरीला चिखल लागून येतो अशी एका मालकिणीनं तक्रार केली म्हणून. अधिकाऱ्यानं विचारलं, कोणाकोणाला कुठं पुरलंस ते दाखव, आम्ही उकरून काढतो. ती बोलली नाही. तीन दिवस विचारलं. चौथ्या दिवशी तिच्या तोंडात तीच माती कोंबली.

म्हणून तिची उजवी मूठ मिटलेली आहे. ज्यांच्या माणसाला माती मिळाली नाही ते लोक इथं येतात. बुडालेल्यांचे, लढाईत हरवलेल्यांचे. काचेवर मूठ टेकतात आणि जातात. तिच्यापुढे बोलायचं नाही असा नियम आहे. आठवडाभर मी गप्प राहून काम करतोय, तुझा विश्वास बसणार नाही.

काम मोठं आहे. गालाला चीर गेलीय, दोन बोटं तुटलीत. शिवाय ज्या लाकडी पलंगावर ती निजलीय तो आतून पोकळ आहे, मोठ्या पेटीसारखा, आणि त्याची एक फळी वाळवीनं पार खाल्लीय. उस्ताद महिनाभर सुतार शोधतोय. इथला सुतार म्हणतो, मेलेल्या माणसाखाली हात घालणार नाही. मी एक सुतार ओळखतो, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. तो पहिल्यांदा काय विचारेल तेही मला माहीत आहे. "आतून माप किती?" लोक बाहेरचं माप सांगायचे आणि बाबा कसे भडकायचे, आठवतं? शब्द गिळले.

बाबा कधी विचारतात का गं?

तुझा,
भिंगरी

२० फेब्रुवारी

भिंगऱ्या,

जिवंत आहेस. बरं झालं. नाताळात तुझ्यासाठी मेणबत्ती लावायला गेले तर कुठल्या रांगेत लावावी तेच कळेना, जिवंतांच्या की गेलेल्यांच्या. शेवटी मोडून अर्धी इकडे लावली, अर्धी तिकडे.

बाबा विचारत नाहीत. तुझं पाकीट आलं तेव्हा ते दारातच होते. हातात घेतलं, नाकाशी धरलं आणि म्हणाले, "मेण." सहा वर्षांत तुझ्याकडच्या वस्तूबद्दल निघालेला हा पहिला शब्द. तुझ्याबद्दल अजून निघायचाय.

तू त्या दिवसाबद्दल कधी लिहीत नाहीस. चार गावं, मैलाचे दगड, कुणाकुणाच्या गमती लिहितोस आणि त्याला वळसा घालून जातोस. म्हणून मीच लिहिते, म्हणजे आपल्या दोघांनाही ते आठवतं आहे हे तरी कळेल. दादानं स्वतःचा जीव घेतला. बाबांनी त्याला उचलून शिडीपाशी आणून ठेवलं. आपण तिघांनी एकच सांगायचं ठरलं होतं, शिडीवरून पडला. फादर आले, तुला बाजूला घेऊन गेले, आणि परत आले तेव्हा त्यांचा चेहरा वेगळा होता. तू सतरा वर्षांचा होतास. मी तुला दोष देत नाही, हे मी दर पत्रात लिहिते आणि दर पत्रात ते मला पुन्हा लिहावं लागतं.

बाबांनी त्याच्यासाठी केलेली शवपेटी कबरस्तानाच्या फाटकातून आत गेली नाही; जीव देणाऱ्याला पवित्र जमीन नाही, म्हणे. अर्ध्या गावाच्या पेट्या ज्यांनी केल्या त्यांच्या मुलाची पेटी भिंतीबाहेर, काटेरी झुडपांत. त्यानंतर त्यांनी एकही पेटी केली नाही. स्टुलं करतात. गावात आता माणसांपेक्षा स्टुलं जास्त झाली आहेत.

तुझ्या धोबिणीची गोष्ट मी जेवताना बाबांना सांगितली. तू देवळात आहेस हे सांगितलं नाही, मी कुठंतरी वाचलं असं म्हणाले. चिखलाच्या चादरीपाशी त्यांचा हात घासावर थांबला. मग जेवले.

आमचं बाकी सगळं ठीक आहे. इस्पितळाच्या धोबीघरात नवं यंत्र आलंय, ते तुझ्यासारखं आहे. फिरतं फार, निघत काही नाही.

नीट राहा. आणि बूट घे.

ताई

४ मार्च

ताई,

हे पत्र बाबांना वाचून दाखवू नकोस. आधीच लिहून ठेवतो, नाहीतर मी दुसऱ्याच कशाकडे वळेन आणि सांगायचं राहील.

गेल्या सोमवारी तिची छाती उघडायची होती. उस्ताद सकाळीच म्हणाला, मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे चाललो, दोन दिवस लागतील, तू उसव. गाभ्याची शिवण उसवणं म्हणजे उशीचा अभ्रा उसवण्यासारखंच, फक्त श्वास धरून. आत लाल रेशमी गाठोडं निघालं. त्यात तिची हाडं. तपकिरी, साल सुटलेल्या फांदीसारखी, बोट लावलं तर भुकटी होणारी. मी ती पांढऱ्या चादरीवर मांडली. इथं मला भीती वाटली नाही. उलट असं वाटलं की इतकी वर्षं लोक जिच्यापुढे मूठ टेकतात ती बाई एवढीशीच आहे, आपल्या शेजारच्या शिंपिणीच्या मुलीएवढी.

मग डाव्या काखेत हात घातला तर अजून एक पुडी. चौकड्यांच्या शर्टाच्या कापडात बांधलेली. गाठ सुटेना, म्हणून कापली. आत एकच हाड, गळ्याखालचं आडवं. फिकट, घट्ट. जुनं-नवं मला कळतं असं मी म्हणत नाही, पण कापडाला प्लास्टिकचं बटण होतं. दीड हजार वर्षांपूर्वी प्लास्टिक नव्हतं, एवढं कळण्याइतका मी शाळेत बसलो होतो.

ती गाठ कुणाची ते मला माहीत होतं. या देवळात एकच बाई तशी गाठ मारते. वर्षातून एकदा मूठमातीच्या बाईचे कपडे बदलायचे असतात. ते काम दार लावून एकट्या बाईनं करायचं. गेली एकतीस वर्षं ते गाठवाली मावशी करते. तिची गाठ कुणालाच सुटत नाही, म्हणून हे नाव. एरवी ती कपड्यांच्या खोलीत वेदीवरची वस्त्रं रफू करत बसलेली असते आणि मी चिखलाचे बूट घालून आलो की म्हणते, "आला घोडा."

मी पुडी घेऊन तिच्या खोलीत गेलो. ती बघतच राहिली.

"सुटली?"

"कापली."

"मग बरोबर. माझी सुटायची नाही. दार लाव."

दार लावलं. सुई तिच्या हातात तशीच होती.

"माझं पोरगं आहे ते," ती म्हणाली. "एकोणीस वर्षांचं. सैन्यातून पळून आलं होतं. इथंच, माझ्या माळ्यावर नऊ दिवस होतं. पकडलं. बारा जणांना विटांच्या भट्टीमागं उभं केलं आणि मग चुन्याच्या खड्ड्यात टाकलं. सात महिने पहारा होता. पहारा उठल्यावर मी गेले. शर्ट मीच शिवलेला, ओळखला. ओढला तर शर्टाबरोबर एवढंच वर आलं."

मी म्हणालो, "मग पुरलं का नाही?"

"पुरायला कागद लागतो. कागदाच्या कचेरीत गेले तर तिथला साहेब म्हणाला, बाई, अशी गोष्ट घडलेलीच नाही. जे घडलंच नाही त्याला कुठं पुरणार? त्याच आठवड्यात हिचे कपडे बदलायचे होते. मी हिला म्हटलं, तू खाणीतल्या एवढ्या लोकांना माती दिलीस, माझं एक तुला जड होईल का? बोलली नाही. ही बोलत नाही, तेच बरं आहे हिचं."

मग हसली. तिला दोनच दात आहेत समोर.

"तो कागदवाला साहेब पुढे म्हातारा होऊन इथं आला होता. त्याचा भाऊ समुद्रात गेला होता. आला, गुडघे टेकले, काचेवर मूठ ठेवली. माझ्या पोरासमोर! मी मागं खांबाआड उभी राहून पोट धरून हसले. हसले की काय केलं, ते आता आठवत नाही."

आता मुद्दा. वीस तारखेला मोठ्या धर्मगुरूंच्या कचेरीतून एक फादर येणार आहेत, हाडांचा डॉक्टर घेऊन. आम्ही त्यांना यादीवाले म्हणतो. ते एकेक हाड मोजून यादी करणार. मग ज्यांनी ज्यांनी हात लावला त्यांनी पवित्र पुस्तकावर हात ठेवून सांगायचं, जे सापडलं ते सगळं इथं आहे, दुसरं काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता लाखेची मोहोर. नव्या नियमानं मग पन्नास वर्षं ती पेटी कुणी उघडायची नाही, कपडे बदलायलासुद्धा नाही.

मी सांगितलं तर मावशी बाहेर. बाईचं दर्शनही बंद, कारण तिच्यात भेसळ निघाली असं होईल. आणि ते हाड? ते कुठल्या तरी कचेरीच्या कपाटात जाईल, नाहीतर उकिरड्यावर. नाही सांगितलं तर मी पुस्तकावर हात ठेवून खोटं बोललो.

मला पुन्हा तोच प्रश्न विचारणार आहेत, ताई. फक्त या वेळी मी तेवीस वर्षांचा आहे आणि मागं लपायला कुणाची पाठ नाही. मी काय करू?

पलंगाला सुतार अजून मिळालेला नाही. उस्ताद परत आलाय आणि सगळ्या लाकडाला शिव्या घालतोय.

भिंगरी

१३ मार्च

भिंगऱ्या,

तू मला विचारतोस. रोज दीडशे चादरी माझ्या हाताखालून जातात, त्यावर काय काय सांडलेलं असतं ते तुला सांगितलं तर जेवण जाणार नाही तुला. मी कुणाला विचारत नाही हे कसं काढू. पाणी गरम करते आणि काढते.

मी तुला खोटं लिहिलं होतं. सगळं ठीक आहे, हे. काहीच ठीक नव्हतं.

जानेवारीत नोटीस आली. कबरस्तानाच्या भिंतीबाहेरची पट्टी रस्त्यात जाणार. तिथं सात थडगी आहेत. दहा मार्चपर्यंत आपापली माणसं हलवा, नाहीतर यंत्र फिरेल. मी नव्या फादरकडे गेले. तरुण आहे, चांगला आहे, खुर्ची दिली, चहा दिला. म्हणाला, मला फार वाईट वाटतं, पण जुन्या फादरांनी नोंदवहीत जे लिहिलंय ते मी खोडू शकत नाही. मी म्हटलं, काय लिहिलंय ते दाखवा तरी. त्यानं दाखवलं. तुझं वाक्य आहे तिथं. तुझ्याच शब्दांत, तुझ्या नावासकट. 'शिडीवरून नाही पडला, त्यानं स्वतःच केलं.' शाई अजून काळीभोर आहे.

दुसऱ्या गावच्या कबरस्तानात विचारलं. ते म्हणाले, तुमच्या फादरची चिठ्ठी आणा. सरकारी जागेत विचारलं, ते म्हणाले, तुम्ही देवळाचे, देवळात जा.

फेब्रुवारीच्या शेवटी एका सकाळी मला रंधा ऐकू आला. स्टुलाचा रंधा वेगळा असतो, आखूड. हा लांब होता. सहा वर्षांनी बाबा पेटी करत होते. लहान, मांडीच्या हाडाएवढी लांब. तीन मार्चला ते स्वतः फावडं घेऊन गेले. मला येऊ दिलं नाही. दुपारी आले, फावडं धुतलं, हात धुतले, आणि पेटी आणून पलंगाखाली सरकवली. मी त्याच खोलीत झोपते. दहा दिवस झाले, दादा आमच्या पलंगाखाली आहे, आणि त्याला घेऊन जायला या पृथ्वीवर एक वीतभर जागा नाही.

यंत्र अकरा तारखेला फिरलं. मी कामावर होते. चांगलंच झालं.

आता तू काय करावंस? मी सांगणार नाही. एकदा तू खरं बोललास, आणि त्यानं कुणाचं काय भलं झालं ते मी सहा वर्षं शोधते आहे. एवढंच मला सुचतं.

तू नको म्हणालास तरी पत्र मी बाबांना वाचून दाखवलं. पूर्ण. माझ्यानं ते एकटीला सांभाळवेना. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मावशीच्या पोराचं ऐकताना त्यांनी डोळे मिटले होते, मला वाटलं झोपले. मग म्हणाले, "याच्या आधीचं पत्र कुठंय?" दिलं. ते घेऊन सुतारखान्यात गेले. परत दिलेलं नाही. त्यांच्या चष्म्याची काडी मोडलीय, त्यांना ते वाचता तरी आलं असेल का कोण जाणे.

ताई

२१ मार्च, सकाळ

ताई,

तुझं पत्र अठराला मिळालं. ते वाचून मी पिशवी भरली. खोटं कशाला बोलू, पळून जाणं हा एकच धंदा मी मन लावून शिकलोय. गाड्यांच्या तळावर जाऊन बसलोही. समोर दोन माणसं एक कपाट गाडीच्या टपावर चढवत होती, कपाट काही केल्या चढेना, मी उठून खालून जोर लावला, आणि ते वर गेलं तोवर माझी गाडी गेली. मग परत आलो. मावशी दारात होती. तिनं पिशवीकडे पाहिलं आणि म्हणाली, "आला घोडा." आणि माझा शर्ट रफू करायला मागून घेतला.

नोंदवहीतलं ते वाक्य मी रोज पाठ म्हणतोय. मला वाटायचं, ते हवेत गेलं. कुणी लिहून घेतलं असेल हे कधी डोक्यात आलंच नाही.

काल यादीवाले आले. मोठ्या भुवयांचा, शांत माणूस. हाडांच्या डॉक्टरनं चादरीवर एकेक हाड लावलं, यादीवाले लिहीत गेले. बरगड्या इतक्या, मणके इतके, गळ्याखालची हाडं दोन. दोन म्हणाले तेव्हा माझी नजर नको तिकडे गेली. मावशी खांबापाशी उभी होती, तिच्या कामाच्या एप्रनच्या खिशात तिसरं होतं. तीन तास ती तशीच उभी राहिली. कुणीतरी स्टूल दिलं, बसली नाही.

मग पुस्तक आणलं. आधी उस्तादला विचारलं. तो म्हणाला, "मला दिसत नाही, साहेब. उघडलं यानं. याला विचारा."

मी हात ठेवला. यादीवाल्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "तू खोटं बोलणारा दिसत नाहीस. दुसरं काही सापडलं होतं का?"

ताई, आपल्या फादरनी मला बाजूला नेऊन हेच म्हटलं होतं. अगदी हेच. तू खोटं बोलणारा मुलगा दिसत नाहीस. आणि मी सतरा वर्षांचा, मला ते कौतुक वाटलं. दादा आत थंड पडलेला आणि मला कुणीतरी शहाणा म्हणत होतं. हे मी तुला कधी सांगितलं नाही. मी घाबरून बोललो असं तुला वाटतं. मी घाबरलो नव्हतो. मला चांगलं वाटलं होतं.

मी म्हणालो, "नाही. दुसरं काही नव्हतं."

त्यांनी लिहून घेतलं. माझ्या नावासकट. म्हणजे आता दोन वह्यांत माझी दोन वाक्यं आहेत, एक खरं आणि एक खोटं. पैकी कुठल्यानं मी नरकात जाणार ते वर गेल्यावर कळेल. बाहेर येऊन चूळ भरली तरी तोंडात कचकच जाईना. मेणाची असेल.

उस्ताद पायरीवर माझ्याशेजारी येऊन बसला. बराच वेळ बुटाला चिकटलेलं मेण खरवडत होता.

"डॉक्टरकडे गेलोच नव्हतो मी," तो म्हणाला. "दोन दिवस बहिणीकडे बसून होतो."

"का?"

"वीस वर्षांपूर्वी ही बाई मीच उघडली होती. तेव्हाही ती पुडी होती. मी परत तशीच आत ठेवली आणि वीस वर्षं एकटा झोपलो त्या गोष्टीबरोबर. या खेपेला म्हटलं, दुसऱ्या कुणाला तरी सापडू दे."

"आणि मी सांगितलं असतं तर?"

"तर तुझे हात थंड आहेत एवढंच मला कळलं असतं."

संध्याकाळी मावशीनं पुडी पुन्हा काखेत ठेवली आणि शिवून टाकलं. नवी गाठ मारली. मला म्हणाली, हात लाव. मी लावला. घट्ट होती.

आज अकराला मोहोर. आत्ता साडेसात झालेत. पलंगाची खालची फळी तशीच उघडी आहे, आतला पोकळ भाग काळ्या तोंडासारखा दिसतोय. सुतार शेवटपर्यंत मिळाला नाही. उस्ताद म्हणतोय, वरून कापड टाकू आणि वेळ मारून नेऊ. मोहोर लागली की मी निघणार. कुठं ते ठरलेलं नाही. घरी येईन असं लिहायला घेतो आणि हात थांबतो, कारण तुमच्या पलंगाखाली जो आहे त्याच्यासमोर मी जेवायला कसा बसू? त्याला तिथं मीच

थांब. मावशी बोलावतेय. म्हणते, बाहेर कुणी आलंय, नाव सांगत नाही.

बाबा आलेत.

ताई, तू यांना एकट्याला कसं सोडलंस? का तुलाही सांगितलं नाही? दोन गाड्या बदलून आलेत, गुडघा सुजलाय, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलीय. खांद्यावर हत्यारांची पिशवी. एका हातात माझं पहिलं पत्र, पार चुरगळलेलं, पत्ता विचारत विचारत ते सगळ्यांना दाखवलंय. दुसऱ्या बगलेत पेटी. मी लगेच ओळखली. तू लिहिलंस तेवढीच लांब आहे.

मी म्हणालो, बाबा, बसा. बसले नाहीत. मी पेटी घ्यायला हात पुढे केला, दिली नाही. उस्तादला म्हणाले, "लाकडाला माणूस हवाय म्हणे." उस्तादनं माझ्याकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं, त्या तसल्या डोळ्यांनी त्याला काय दिसलं देव जाणे. म्हणाला, "दोन महिने हवाय." आणि बाहेर पायरीवर जाऊन बसला. मावशीनं दार आतून लावून घेतलं आणि सुईत दोरा ओवायला घेतला.

हे मी वेदीच्या पायरीवर टेकून लिहितोय, नाहीतर माझे हात काय करतील ते मला सांगता येत नाही. बाबा जमिनीवर बसलेत, गुडघा लांब करून. वाळवीची फळी बोटानं ठोकून पाहिली, निम्मी हातातच आली. आत हात घालून चाचपलं. पेटी अजून मांडीवर आहे.

तिच्यापुढे बोलायचं नाही, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. आत्ता त्यांनी मान वर केली, सहा वर्षांनी पहिल्यांदा सरळ माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं,

"आतून माप किती आहे रे?"